अक्कांच्या नारळाच्या वड्या

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा पुतणीचा आवाज ओळखूनही मी विचारलं, "कोण बोलतंय?" माझा स्वभावच तसा. कुणी काही सांगितलं की आधी ते उलटंपालटं करून बघायचं. आता महिना होत आला... अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. शिवाजी पेठेतल्या आमच्या एकत्र घरात त्या दोन मुलींवर थांबल्या आणि सासूबाईंनी ते त्यांना कधीच माफ केलं नाही.

भावजी, म्हणजे अक्कांचे मालक, तालमीचे वस्ताद. अशा घरात मुलगा हवाच, असं अख्खी गल्ली धरून चालली होती. दर पौर्णिमेला सासूबाई नवसाचा नारळ अक्कांच्या ओटीत घालून बजावत, "एकटीनं खा. कुणाला तुकडा द्यायचा न्हाय." अक्का मान डोलवत. दुपारी मात्र त्याच नारळाच्या वड्या थापून दोन्ही मुलींना देत, मलाही देत. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मुलाची आस असलेली बाई नवसाचं फळ असं वाटून टाकेल? ही नक्की मूल न होण्याच्या गोळ्या खाते! एकदा सरळ विचारलंच. "वडी कशी झालीया त्ये सांग की," एवढंच म्हणाल्या. सासूबाई जेवताना, पाण्याला जाताना, पाहुण्यांदेखत म्हणायच्या, "हिच्या कुशीतच खोट हाय." अक्का ऐकून घेत. त्याची चीड मला आजही येते.

दहाव्याला उचगावच्या विहीणबाई आल्या, म्हणजे अक्कांच्या थोरल्या लेकीची, राजश्रीची सासू. राजश्रीला एकच मुलगी. दुसरं नको, हे तिनं फक्त मला सांगितलं होतं. सासरी बोलायची छाती नव्हती. विहीणबाई चारचौघींत म्हणाल्या, "आईची खोट लेकीत उतरलीया. आमच्या पोरानं आता सोडचिठ्ठी द्यायची का?"

पुरुषांत बसलेले भावजी उठून आले. "खोट कुणातच न्हवती. ऑपरेशन माझं झालतं, धाकटी झाली तवाच. तालमीत कळलं तर पोरं हसतील, म्हणून ती म्हणाली, माझ्यावर येऊ दे."

मी लगेच विश्वास ठेवला नाही. लेकीचा संसार वाचवायला बाप खोटंही बोलेल. आणि "ती म्हणाली" म्हणे! गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं...

राजश्री मात्र सासूकडे वळली. "ऐकलंसा? माझ्यात बी खोट न्हाय. मलाच दुसरं नको हाय." मग तिनं वडिलांकडे बघितलं. "पप्पा, आज्जी आईला बोलायची तवा तुमी कुठं असायचा?"

"हितंच," भावजी म्हणाले. "जेवत असायचो."