मागण्या न पटलेला माणूस

पंचवटीत माझ्या एका जुन्या स्नेह्यांचं चपलांचं दुकान आहे. बोलताना ते हातातला जोडा फडक्याने पुसत राहतात आणि प्रत्येक वाक्याआधी "साधी गोष्ट आहे हो" म्हणतात. मी समाजवादी विचारांचा, ते खुल्या बाजाराचे कट्टर भक्त. "सरकारनं रस्ते करावेत आणि चोर पकडावेत. बाकी माणूस आपलं बघून घेतो," असं म्हणून त्यांनी जोड्यावर फुंकर मारली, की वाद संपला.

गेल्या उन्हाळ्यात सुरगाणा-पेठकडचे आदिवासी शेतकरी जमिनीच्या हक्कासाठी लाल झेंडे घेऊन मुंबईला पायी निघाले. मोर्चा दुकानासमोरून जाऊ लागला, तेव्हा मी तिथेच होतो. आता हे काहीतरी खोचक बोलणार, असं मला वाटलं. पण झेंड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते पाय बघत होते. कितीतरी पाय अनवाणी होते, टाचा फुटून रक्त आलेलं.

ते उठले, फळीवरची खोकी भराभर खाली काढली आणि भर उन्हात फुटपाथवर मांडी घालून बसले. एका म्हातारीचं पाऊल त्यांनी मांडीवर घेतलं, शर्टाच्या बाहीने धूळ पुसली, चप्पल चढवली.

"चावत नाही ना, आजी? चालून बघा."

"नाय रं बाबा. मऊ हाय."

मग रांगच लागली. इतकी वर्षं ज्यांच्याशी भांडलो, त्यांच्याकडे मी थक्क होऊन बघत राहिलो.

"मागण्या पटल्या वाटतं?" मी हळूच विचारलं.

"एकही नाही," मान वर न करता ते म्हणाले आणि पुढच्या माणसाचं पाऊल त्यांनी मांडीवर घेतलं.