लांबच्या शेताचा पहिला गोळा

खाडीच्या बांधाला भगदाड पडलं की आमच्या गावात म्हणतात, खांड गेली. मग कोणी कोणाला बोलवायला जात नाही, घराघरातून माणसं घमेली घेऊन निघतात. रीत एकच. चिखलाचा पहिला गोळा टाकायचा तो खांडीपासून सगळ्यात लांब शेत असलेल्या घराने. खारं पाणी त्याच्याकडे शेवटी पोचतं, म्हणून अंग काढून घ्यायचा मोह त्यालाच जास्त. त्याचा हात आधी लागला की बाकीच्यांना सबब उरत नाही.

गेल्या श्रावणात खांड गेली ती नेमकी आमच्या शेतासमोर. लावणी झालेली, रोपांनी नुकतं मूळ धरलेलं. रोजची भरती अजून शेतात चढत नव्हती, पण अमावस्येचं उधाण तोंडावर. तोवर खांड बुजली नसती तर आईच्या शेतात पुढची काही वर्षं भाताचा दाणा पिकला नसता. कचेरीतून उत्तर आलं, पावसाळा संपला की बघू. म्हणजे वरातीमागून घोडं. शेतं खारावली की गोदामांसाठी जमिनी घेणारे दलाल न बोलावता येतात. मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात आहे, भरावाखाली गेलेली शेतं रोज बघते.

ओहोटी लागली. सगळं गाव बांधावर, पण पहिला गोळा टाकणारं कोणी नाही. ज्यांचं शेत लांबचं ते चाचा आदल्या वर्षी वारले होते. मुलगा कुवेतला, घरी एकटी सून, आम्हा सगळ्यांची भाभी. "कुवेतचा पैसा येतो, त्यांना बांधाचं काय पडलंय?" असं कोणीतरी म्हणालंच. मी आईवर चिडले. म्हटलं, घाल ती रीत चुलीत, भरती काय आपल्यासाठी थांबणार आहे?

"लांबचा न्हाय आला, तं उद्या जवळचा येकटाच ऱ्हाईल बांधावर," आई म्हणाली. शेत तिचं जाणार होतं आणि अडून बसली होती तीच.

तेवढ्यात ती सून आली. ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर घमेलं. बायका चिखल वाहतात, पण पहिला गोळा बाईने टाकलेला कोणी पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मरद न्हाय का कोन घरात?"

"मरद कुवेतला हाय," ती म्हणाली. "घर हितंच हाय ना?" आणि तिने गोळा टाकला.

मग कोणी कोणाकडे बघितलं नाही. पेंढा, बांबू, चिखल, हातोहात. भरतीचं पाणी कमरेला लागेपर्यंत आम्ही खांड बुजवली. उधाण आलं, बांधावर आपटलं आणि परत गेलं. हे माझं गाव, असं त्या दिवशी छाती काढून सांगावंसं वाटलं.

उधाण ओसरल्यावर आईने शेतातलं पाणी बोटाने चाखलं. माझ्याही जिभेवर ठेवलं. गोडं होतं. मला रडू फुटलं.

"रडतेस काय," आई म्हणाली. "जा, भाभीला सांगून ये. तिच्या बांधानं वाचलं म्हणावं."