आधी सांगितलेलं बरं

सोफावाले काका दुरुस्तीला आलेल्या सोफ्याचं जुनं कापड आधी फाडतात. मग गिऱ्हाइकाला फोन करतात. "मागची फळी कुजलीय. स्प्रिंगाही गेल्यात. येऊन बघून जा, मगच नवं कापड चढवतो."

गिऱ्हाईक वैतागतं. काका म्हणतात, "आधी सांगितलेलं बरं. झाकलं की दिसत नाही, पण बसलं की बोचतं."

मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहते. त्यांची मुलगी भिंगरी निबंध दाखवायला माझ्याकडे येते. निबंध राहतो बाजूला, गप्पाच होतात. काकू गेल्यापासून त्या घरात मोठ्यानं कुणी हसलं नव्हतं. या वर्षी भिंगरी म्हणाली, "बाबा, सोळावं लागतंय. मैत्रिणींना बोलवू?" काकांनी त्याच दिवशी दुकान झाडायला घेतलं.

अडचण दोन मैत्रिणींची होती. एक बांबू, उंच आणि हडकुळी. दुसरीला सगळ्या 'बाई' म्हणायच्या, कारण ती पहिलीपासून सगळ्यांना शाळेतल्या बाईंसारखी दटावायची. दोघी भिंगरीच्या बालवाडीपासूनच्या. मध्यंतरी बांबूनं मैत्रिणींना सांगितलं की तिला मुलगे आवडत नाहीत, मुली आवडतात. बाई म्हणाली, हे चूक आहे, आणि चूक ते चूकच. तेव्हापासून अबोला. बाकीच्या काही हिच्या बाजूला, काही तिच्या. आता बाईचा निरोप आला होता : ती येणार असेल तर मी नाही.

भिंगरीनं हे जेवताना सांगितलं. मीही त्यांच्याकडेच जेवायला होते.

"मग दोन सोफे लावू," काका म्हणाले. "एक या भिंतीला, एक त्या."

"बाबा, प्रश्न बसायचा नाहीये."

"अगं, माणसं नीट बसली की निम्मं भांडण मिटतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

"ते केक खाताना."

भिंगरीला हसू फुटलं. मग ती गंभीर झाली. "तुला काय वाटतं? बांबूचं चूक आहे?"

काकांनी घास तसाच ठेवला. "मला त्यातलं कळत नाही. ती पोर मला आवडते. बाईपण आवडते. तेवढंच कळतं."

दुसऱ्या दिवशी मी उशीची खोळ शिवायला टाकायला खाली गेले. काका बाईच्या वडिलांशी फोनवर बोलत होते. "तिचं मत तिच्यापाशी राहू द्या हो. आमच्या पोरीसाठी घटकाभर येऊ दे. भांडण मी होऊ देत नाही." पलीकडचा माणूस भला असावा. पाठवतो म्हणाला.

"बघितलंस?" काका मला म्हणाले. "बोललं की होतं." आणि त्याच उत्साहात त्यांनी बांबूच्या आईला फोन लावला.

"ताई, तुमच्या लेकीला नक्की पाठवा. तिला मुली आवडतात म्हणून आमच्याकडे कुणी तिला टोचून बोलणार नाही. जबाबदारी माझी."

पलीकडे शांतता. काकांना वाटलं, आवाज पोचत नाही. ते दुकानाच्या दारात गेले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मोठ्यानं.

जिन्यात भिंगरी उभी होती. तिच्या हातात फुग्यांचं पाकीट होतं.

"बाबा," ती म्हणाली. "तिच्या घरी माहीत नव्हतं."

काकांच्या हातातला फोन केव्हाच बंद झाला होता. त्यांनी तो कानाला तसाच धरला होता.

ते तसेच बांबूच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी दार अर्धंच उघडलं. "ती मावशीकडे गेलीय. तिकडेच राहील आता. तुमचे उपकार झाले." दार लागलं. आतून रडण्याचा आवाज येत होता, काका मला म्हणाले. पोरीचा की आईचा, ते त्यांना कळलं नाही.

वाढदिवसाला सगळ्यात आधी बाई आली. नवे कपडे, हातात भेट. तिनं दोन्ही सोफ्यांकडे बघितलं.

"ती कुठाय?"

भिंगरीनं सांगितलं. बाईनं हातातली भेट खाली ठेवली. मग काकांकडे वळली.

"काका, मी तिच्याशी भांडले. मला अजूनही ते चूकच वाटतं. पण मी तिच्या घरी नाही सांगितलं. कधीच नसतं सांगितलं."

काका म्हणाले, "हो गं."

बाकीच्या आल्या. आज कुणी बाजू घेतली नाही. सगळ्या एकाच सोफ्यावर दाटीवाटीनं बसल्या. समोरचा रिकामा राहिला. बाई बांबूचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. फोन बंद होता. केक कुणी कापला, मला आठवत नाही.

काका माझ्याजवळ आले. "तू एवढी पुस्तकं वाचलीस. अशा वेळी काय करायचं असतं?"

मी केकच्या बशा गोळा करायला घेतल्या.

बांबू शाळेत परत आली नाही. भिंगरी वडिलांना जेवायला वाढते, हवं-नको विचारते. निबंध दाखवायला येते, निबंधच दाखवते.

काल मी खोळ आणायला गेले. काकांनी एका सोफ्याचं कापड फाडलं होतं. आतली फळी पार भुगा झालेली. त्यांनी सवयीनं गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडून कुणीतरी उचलला.

काकांनी तोंड उघडलं.

"हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?" पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

काका फळीकडे बघत उभे राहिले.