खाली उतरवलेली दोरी

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मधल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी एके सकाळी माझ्या कमरेपर्यंत खाली आली. ह्यांनीच, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती उतरवली होती. माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. तपासणीत पुन्हा काही निघालं नव्हतं, पण डाव्या काखेतलं आणि खांद्यातलं दुखणं हटायला तयार नव्हतं. मी हात वर करू नये म्हणून सगळं घरच बुटकं झालं. डबे खालच्या फळीवर, देव पाटावर, आणि आता दोरी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, हात जितका जपाल तितका आखडेल. भिंतीवर बोटं चढवा, कपडे उंच दोरीवर घाला, थोडं ओढलं तर घाबरू नका. हे घरी सांगून सांगून मी थकले. पण आयुष्यभर प्लांटमध्ये मशिनी दुरुस्त केलेल्या माणसाला एकच ठाऊक, बिघडलेलं मशीन आधी बंद ठेवायचं. मी भिंतीपाशी उभी राहिले की ह्यांनी खुर्ची आणून ठेवलीच. शेजारीणही कुंपणावरून ओरडायची, "भाभी, आप बैठो ना!" बसून बसून माझी वेणीसुद्धा मला घालता येईना. ती ह्यांनी घालायची, तीही वाकडी. नुसती तिडीक जायची डोक्यात.

त्या दिवशी मी दोरी सोडली, स्टूल ओढून त्यावर चढले आणि वरच्या खिळ्याला बांधायला गेले. काखेत अशी कळ आली की "आई गं!" निघालंच. हे हातातली पोळी घेऊनच धावत आले.

"कावून हात वर करून राहिली? कितीदा सांगू तुले?"

"दुखते त दुखू द्या! असाच ठेवला त हा हात कायमचा जाईन, समजते का तुमाले?"

मला वाटलं, आता भांडतील. पण स्टूल धरून ते खालीच बसले.

"तू ओरडली की मले वाटते, बिमारी परत आली. मले कसं समजन, कोणतं दुखणं कशाचं हाय?"

माझा राग होता तिथंच होता. पण दर कळेला मीही स्वतःला तेच विचारत होते. त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"मलेबी नाही समजत," मी म्हटलं. "स्टूल नीट धरा." आणि हात पुन्हा वर नेला.