नावेत बाई नव्हती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते हौद घासायचं. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. त्या दिवशी सकाळी तो येणार होता, म्हणून मी हौदात उतरून शेवाळ खरवडत होतो. बायको काठावर बसून चहाच्या गाळणीनं मासे धरत होती. मलेरियावाल्यांनी डासांसाठी सोडलेले मासे, बोटाच्या पेराएवढे. एकेक मासा ती पातेल्यात सोडायची अन् प्रत्येकाला हात जोडायची.

"माशाला नमस्कार," मी खालून म्हणालो, "अन् नवऱ्याला शेवाळात उतरवती."

"मासा देव हाय," ती म्हणाली. "तुमी नाय."

अधिक महिना चालू होता. मारुतीच्या देवळात रोज सकाळी पोथी लागायची. त्यात ती माशाची गोष्ट आली होती. राजाच्या ओंजळीत एक बारका मासा येतो अन् म्हणतो, मला वाचव. राजा त्याला कमंडलूत ठेवतो, तर मावत नाय. तळ्यात सोडतो, तिथं मावत नाय. शेवटी समुद्रात सोडतो. मग मासा म्हणतो, आजपासून सातव्या दिवशी सगळी पृथ्वी पाण्याखाली जाणार. एक नाव येईल. तिच्यात बी-बियाणं घे, जनावरं घे, सात ऋषी घे, अन् नाव माझ्या शिंगाला नागानं बांध.

बायकोचा यातल्या अक्षर न् अक्षरावर विश्वास. मलेरियावाल्यांनी चार मासे सोडले होते, त्यांचे दोन महिन्यांत हौदभर झाले. ती म्हणायची, बघा, वाढला का नाय. मी म्हणायचो, राजाचा मासा मोठा झाला होता, हे नुसते लई झालेत. ती म्हणायची, देवानं कसं वाढायचं ते तुमाला विचारून ठरवायचं का.

माझी शाळा म्हणाल तर पोलीस ॲक्शनच्या आधी एक वर्ष उर्दू शाळेत अलिफ-बे केलं, नंतर मराठी शाळेत अ-आ-इ. दोन्हीकडं पहिलीतच. त्यानंतर गवंड्याच्या हाताखाली गेलो अन् जन्मभर हौद अन् टाक्या बांधल्या. पाणी कुठून येतं अन् कुठं मुरतं, एवढंच मला कळतं. म्हणून मी तिला विचारायचो, खुलताबादचा डोंगर बुडाला म्हणती, तर एवढं पाणी गेलं कुठं? मुरायला जागा पायजे का नको?

"तुमी बांधलेल्या टाकीतनं जसं जातं, तसंच गेलं," ती म्हणाली.

माझी एकच टाकी गळकी निघाली होती. चाळीस वर्षं तिनं ती टोमण्याला पुरवून पुरवून वापरली.

घरातलं भांडण घरात होतं तोवर ठीक होतं. पण एक दिवस मी तिच्याबरोबर पोथीला गेलो. प्रलयाचाच अध्याय होता. महाराजांनी पोथी मिटली अन् म्हणाले, कुणाला काही शंका? मी उभा राहिलो.

"महाराज, जनावरांच्या जोड्या घेतल्या, ते बराबर. पण माणसं म्हणून एक राजा अन् सात दाढीवाले. नावेत बाई एकपण नाय. मग आपण सगळे कुठून आलो?"

बायकांच्या रांगेत आधी एकीनं तोंडाला पदर लावला, मग सगळ्याच हसायला लागल्या. महाराज लालेलाल झाले अन् म्हणाले, आरती घ्या. माझी बायको उठली अन् आरती न घेता घरी गेली.

त्या दिवसापासून तिनं देवळाची पायरी चढली नाय. बाया हापशावर भेटल्या की म्हणायच्या, "काय गं, तुझ्या ऋषीला उत्तर मिळालं का?" ती नुसती घागर उचलायची. तेरा अधिक महिने तिनं पोथी ऐकली होती, एकदाबी समाप्ती चुकवली नव्हती. अन् उद्या समाप्ती होती.

तर मी हौदात. तिनं शेवटचा मासा पातेल्यात सोडला, पाईप हौदात टाकला अन् नळ सोडला.

"अगं, मी आत हाय."

"दिसतंय मला. उद्या देवळात चला अन् महाराजांना म्हणा, चुकलं. मग मला रांगेत बसता येईल."

"मी काय खोटं विचारलं का?"

"खरं-खोटं नाय विचारत मी. येता का नाय ते सांगा."

गुडघ्यामुळं मला तिच्या हाताशिवाय वर येता येत नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाणी घोट्याच्या वर आलं. मी म्हणालो, विचार करतो.

"राजानं नाय केला विचार. मासा म्हणाला चल, तसा निघाला."

"त्याला सात दिवस मिळाले होते."

"तुमाला बारा दिले मी."

पाणी पोटरीपर्यंत आलं. मी म्हणालो, उद्याचं उद्या बघू. तिनं हात तेवढा पुढं केला. मी वर आलो.

दुपारी भाकरी खाऊन ती जरा पडते म्हणाली. चहाला हाक मारली तर उठली नाय. गल्लीतले डॉक्टर आले, म्हणाले, झोपेतच गेल्या. लेक लासूर स्टेशनहून दिवस मावळायच्या आत पोचली. आम्हाला मुलगा नाय, म्हणून अग्नी मीच दिला. न्हाव्यानं डोकं केलं, मिशी पण काढली.

मला आजही वाटतं की तसा प्रलय झाला नसणार. एवढं पाणी जाणार कुठं. पण आता हे कुणाला म्हणायचं? लेक नुसती हो म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला म्हणालो, पाय मोकळे करून येतो, अन् देवळाकडं गेलो. सुतक होतं. आत जाता येत नव्हतं, म्हणून नालीच्या अलीकडं रस्त्यावर उभा राहिलो अन् तिथूनच हाक मारली. महाराजांनी पोथीतून मान वर केली. मला वळखलं नाय.

"कोण पायजे?"

"त्या दिवशी दाढीवाल्यांचं विचारलं, तो मी."

"त्याला मिशी होती."

"काल काढली."

रांगेतल्या बायांना कळलं. कुणी हसलं नाय.

"महाराज," मी म्हणालो, "नाव खरी का खोटी, मला अजून माहीत नाय. खरी होती असं मी म्हणणार नाय. पण चारचौघांत विचारून मी माझ्या बायकोला या रांगेतून उठवलं, ते चुकलं. आता वाचा पुढं."

महाराज वाचायला लागले. रस्त्यावर नीट ऐकू येत नव्हतं. मी कानामागं हात धरला अन् समाप्ती होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी मला वळसा घालून गेला.