दोन माणसं आणि एक कुत्रं

कुत्र्याचं नेमकं कधी सांगायचं, हेच मला कळत नव्हतं. फोनवर आधीच सांगितलं तर समोरचा "नाही जमणार ताई" म्हणून फोन ठेवायचा. खोली बघून झाल्यावर सांगितलं तर माणसं अशी बघायची, की जणू मी पिशवीत लपवून काहीतरी आत आणलंय. मग मी एक वाक्य बसवलं. "किती जण आहात?" असं विचारलं की एका दमात म्हणायचं, "दोन माणसं आणि एक कुत्रं." माणसांवर जोर द्यायचा आणि कुत्र्यापाशी आवाज उतरवायचा. भाकऱ्या थापताना मी ते पुटपुटायची. मेसवाल्या ताई म्हणायच्या, "काय गं, जप करतेस का?"

नवरा फोनवर हसायचा. "एकच माणूस म्हण. मी कुठे असतो घरी?"

ते खरंच होतं. तो टँकरवर. आज गुजरातेत, उद्या मध्य प्रदेशात, मधेच एखाद दिवस धुळ्यात येऊन झोपून जायचा. आम्ही मूळचे मालवणकडचे. शाळा मी आठवीत सोडली, लग्न झालं, त्याच्या गाडीच्या मागे मागे इकडे आले आणि धुळ्याच्या देवपुरात मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या-भाकरी करायला लागले. भात खाऊन वाढलेली मी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी इथे शिकले. मेसवाल्या ताईंनी पहिले काही दिवस माझ्या फाटलेल्या भाकऱ्या स्वतः खाल्ल्या, मुलींच्या ताटात जाऊ दिल्या नाहीत. हे मी विसरणार नाही.

कुत्रा नवऱ्याने आणला. हायवेच्या ढाब्यावर सापडलेलं पिल्लू, केबिनमध्ये बसून आलं. क्लीनर म्हणून आला आणि मालक होऊन बसला. तो येण्याआधीचे दिवस मला आठवायला नको वाटतात. नवी जागा, भाषा अर्धी कळायची, नवरा लांब. मी कडी लावायची, अंथरुणावर पडायची, पुन्हा उठून कडी बघायची. गॅस बघायची. पुन्हा कडी. कुत्रा आल्यावर तो उंबऱ्याला डोकं टेकून झोपायचा, आणि मी स्वतःला सांगायची, तो झोपलाय म्हणजे काही नाही. बाकी कुणाचं मला पटत नसे, त्याचं पटायचं.

आषाढात घरमालकांनी सांगितलं, घर पाडून नवीन बांधायचंय, श्रावण लागायच्या आत खोली मोकळी करा. माणूस वाईट नव्हता. "घाई आहे, माफ करा," म्हणाला. पण माझी झोप गेली.

काम आटोपलं की मी कुत्र्याला दोरीला धरून देवपुरातल्या गल्ल्या फिरायची. मग लक्षात आलं, की त्याला घेऊन गेलं तर दारच उघडत नाही, म्हणून एकटी जायला लागले. "खोली भाड्याने देणे आहे" ची पाटी दिसली की मी ते वाक्य पुटपुटायला लागायची, आणि नाही दिसली तरी पुटपुटायची.

प्रश्न सगळीकडे सारखेच. कुठले? आडनाव काय? माझं आडनाव इकडे कुणाला ओळखू येत नाही. मग माणसं जरा आजूबाजूने चाचपत. "म्हणजे तुमच्याकडे देव कोणता? मच्छी रोज लागते का?" सगळ्याची उत्तरं देऊन झाली की कुत्रं. खरं सांगायचं तर काही ठिकाणी नकार कुत्र्यामुळे होता की आणखी कशामुळे, ते मला आजही माहीत नाही. कुत्र्याचं नाव घेणं सोपं जायचं, इतकंच.

एका काकांनी विचारलं, "चावतो का?"

"नाही हो काका, कधीच नाही."

"मग पाळून काय उपयोग?"

पुढच्या दारी मी शहाणी होऊन म्हणाले, "अनोळखी माणसाला चावतो."

ती बाई म्हणाली, "मग आमच्याकडे पाहुणे येतात त्यांचं काय?"

जळगावलाही एकदा जाऊन आले. नवऱ्याच्या ओळखीत कुणीतरी होतं, तिथे जागा मिळाली तर टँकर तिथूनच चालवू, असं नवरा म्हणाला होता. सकाळची एसटी धरली, वाटेत अमळनेरला चहासुद्धा घेतला नाही, उशीर होईल म्हणून. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, स्वच्छ, नळाला पाणी. माझं वाक्य बोलून झालं. मालक तयार दिसले. मग खालून सोसायटीचे कुणी आले आणि नियमांचं असं काही बोलले, की मला अर्धं कळलं नाही. मी मान हलवत राहिले. शेवटी ते म्हणाले, "ताई, शेतात एखादं घर बघा ना." मी "बरं" म्हणाले आणि वर "थँक्यू" पण म्हणाले. परतीच्या गाडीत त्या थँक्यूचा मला फार राग आला.

घरी आईला फोन केला. ती म्हणाली, "कुत्र्यापायी तुका कोण घर देत नाय? मगे त्याका सोडून दी गो." नवराही आता हसत नव्हता. म्हणाला, "पुढच्या खेपेला ढाब्यावर सोडतो. तिथले लोक ओळखीचे आहेत. खायला मिळेल त्याला." फोन स्पीकरवर होता. कुत्रा माझ्याकडे न बघता शेपटी हलवत होता. खायला म्हटलं की त्याला कळायचं.

अक्कांचं घर मेसवाल्या ताईंनी सुचवलं. पांझरा नदीच्या बाजूला, जुन्या वस्तीत. पुढे अक्का आणि त्यांचा मुलगा-सून, मागे एक खोली, तिला वेगळं दार, अंगणात कडुनिंब. अक्का जाड भिंगाचा चष्मा लावून गहू निवडत बसल्या होत्या. घरात चुन्याचा वास, भिंती नुकत्याच पांढऱ्या केलेल्या.

"कथानी शे वं तू?"

मी सांगितलं. समुद्राकडची.

"एवढी लांबनी? आनि कुत्रं बी तठूनच आनं का?"

"नाही अक्का, ते इथलंच आहे. हायवेचं."

"मंग ते आमनाकडलं शे. तूच पाव्हनी." आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मी पण हसले, जरा जास्तच.

पण हो म्हणाल्या नाहीत. घरात कानबाई बसणार होती. श्रावणातला तो रविवार खानदेशात केवढा मोठा, हे मला तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. सारी भावकी एका घरात जमते, देवी बसते, गव्हाच्या पिठाचे रोट होतात, सोबत खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणभर द्यायचा नाही, शेजारी कितीही जवळचा असला तरी. उष्टं टाकायचं नाही. अक्का म्हणाल्या, सामान आणून ठेव, कानबाई नीट पार पडू दे, मग पुढचं बघू. घरात मोठे दीर आहेत, नाना, चोपड्याकडून येतात. त्यांचा शब्द लागतो.

म्हणजे मी राहायला आले आणि आलेही नाही. डबे खोक्यातच ठेवले. फळीवर काही मांडायला हात होईना.

नाना शनिवारी आले. धोतर, टोपी, हातात केळीचा फणा. अंगणात पाय ठेवला आणि कुत्रा दिसला.

"हाई काय शे? कानबाईना घरमा कुत्रं?"

"भाडेकरूनं शे," अक्का म्हणाल्या. "मांगला दारले ऱ्हास."

"कुत्रं वावरमा शोभस. घरमा नही. कानबाई उठनी का दोन्हीसले वाटे लाव."

दोघांना, म्हणजे मला पण. मी खोलीत होते, दार अर्धं उघडं. मला अहिराणी सगळी येत नाही, पण हे एवढं आलं. नवऱ्याला फोन लावला, उचलला नाही. मग मेसेज केला, ढाब्यावाल्याला विचारून ठेव. करून झाल्यावर कुत्र्याजवळ जाऊन बसले, आणि त्याने माझा हात चाटला तेव्हा हात मागे घेतला. लाज वाटली म्हणून.

रविवारी घर माणसांनी भरलं. ताशा वाजायला लागला तसा कुत्रा थरथरायला लागला. मी त्याला कडुनिंबाला दोन गाठी मारून बांधला, पाणी ठेवलं आणि खोलीच्या दारातच बसून राहिले. गाठ सुटली तर? भुंकला तर? कुणाच्या लुगड्याला पाय लावला तर? मी दर थोड्या वेळाने उठून गाठ बघत होते. पूर्वी कडी बघायची तशी.

आत जागा पुरेना, म्हणून काही पुरुषमाणसं मागच्या अंगणात पानावर बसली. नाना पायरीवर. त्यांची पाठ माझ्याकडे, आणि कुत्रा त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, जमिनीला चिकटून. नाना भावकीतल्या कुणाशी तरी कापसाबद्दल बोलत होते. या वर्षी कीड कशी लवकर आली, वगैरे. बोलता बोलता पानावरचा शेवटचा तुकडा त्यांनी मोडला, खिरीत बुडवला, आणि तिकडे न बघताच बाजूला टाकला. "घे रे," म्हणाले. आणि पुन्हा कापूस.

कुत्र्याने तो हवेतच घेतला.

मला वाटतं शेतावर ते रोज हेच करत असणार. जेवण संपताना शेवटचा घास बांधावरच्या कुत्र्याला. हाताला इतकी सवय, की हाताने विचारलंच नाही.

आधी कुणाला कळलं नाही. मग नानांनी बोलणं थांबवलं. त्यांनी पानाकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. कुत्रा मिशा चाटत होता.

"अरे देवा," नाना म्हणाले. "रोट व्हता ना तो."

मग जे झालं ते मला तुकड्या-तुकड्यानेच आठवतं. अक्कांची सून तोंडावर पदर धरून उभी. कुणी म्हणतंय, बाहेरच्यानी रोट खाधा, आते कसं? कुणी म्हणतंय, देवीपुढं नाक घासा. मी उभी राहिले होते आणि सारखी म्हणत होते, "माझी चूक झाली, मी त्याला नेते, आत्ता नेते." गाठ सोडायला गेले तर माझीच गाठ मला सुटेना.

आतून अक्का आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला, त्याला बराच वेळ लागला.

"कोनी दिधा रोट?"

नाना म्हणाले, "मी दिधा. ध्यानच नही ऱ्हायनं."

"घरना मोठा मानूस तुम्ही. तुम्ही तुमना हाते रोट दिधा." अक्का कुत्र्याकडे वळल्या. "रोट कोनले देतस? घरनाले. मंग तो आते घरना शे. घरनाले कोन बाहेर काढस?"

अक्कांचा मुलगा पंचायत समितीत कामाला, तो शहरी मराठी बोलतो. पानावरून हात उचलून म्हणाला, "नाना, मग याला वावरात वाटा पण द्यावा लागेल. सातबारावर नाव लावू का?"

आधी सून हसली. मग सगळी पंगत. नाना हसले नाहीत, पण म्हणाले, "केळीमा देऊ. कापूसमा काही उरतच नही." मग मात्र तेही हसले.

मी अजून दोरी धरूनच उभी होते. धीर करून विचारलं, "अक्का, आणि मी?"

"तू? तू तं रोट नही खाधा."

"नाही अक्का."

"मंग तू भाडेकरू शे. भाडं दे आनि ऱ्हाय."

मी आत जाऊन खोक्यातले डबे फळीवर लावले. ताशा चालूच होता. डबे लावता लावता रडू आलं, आणि मग आठवलं, नवऱ्याला ढाब्याचं सांगून ठेवलंय. धावत फोनकडे गेले.

त्यालाही आता काही श्रावण झाले. त्या रविवारी कुत्र्याचा वाटा मागच्या पायरीवर ठेवतात. नाना स्वतः ठेवतात, कुणाला ठेवू देत नाहीत. कुत्रा त्यांच्यात असतो आणि मी माझ्या खोलीत मुगाची खिचडी लावते. तळणीचा आणि खिरीचा वास येतो. रोट कसा लागतो, मला माहीत नाही. वाईट वाटतं असं नाही. पण वास येतो.

काळजी गेली असंही नाही. अक्का थकल्यात. मुलगा मधेमधे वर मजला चढवायचं बोलतो, बोलला की मी त्या रात्री पुन्हा कडी बघायला उठते. रस्त्याने जाताना "खोली भाड्याने देणे आहे" वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अजून ते वाक्य तोंडात तयार असतं.

परवा अक्कांकडे दूरच्या नात्यातली एक बाई आली. अंगणात कुत्रा पाय ताणून झोपला होता. तिने विचारलं, "हाई कोनं कुत्रं शे?"

"आमनं शे," अक्का म्हणाल्या.

मी दारात कपडे वाळत घालत होते. बाईने माझ्याकडे बोट केलं. "आनि ती?"

"ती ना," अक्का म्हणाल्या, "ती त्यानासंगे ऱ्हास."