आईच्या तोंडातले जंतू

दात दुखो, हिरडी सुजो, आमच्या भुईगावच्या घरात औषध एकच: मागच्या दारच्या पेरूची कोवळी पानं. "चाव नि कोमट पान्यानं चूळ भर," आई म्हणायची. शेजारच्या काकू मिठाच्या गुळण्यांच्या बाजूच्या. त्यावरून दोघींचं कुंपणाआडून कायम वाजायचं. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करणारी मी आईकडे पुरावा मागायचे. शेवटी कॉलेजच्या प्रोजेक्टला विषयच तो घेतला: पेरूच्या पानांच्या अर्काने तोंडातले जंतू मरतात का.

जंतू आईच्याच तोंडातले घेतले. कापसाची काडी आणि जंतू वाढवायची काचेची ताटली पाहून ती म्हणाली, "माझं तोंड कसं हाय ते आख्ख्या आळीला म्हायती हाय. तुझी काचेची ताटली तडकंल." मग गुमान आ करून बसली. "निकाल लागला की आधी मला सांगायचं. तुझ्या मॅडमला मागनं."

निकालाआधीच आई गेली. सकाळी मासे साफ करताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य उरकून मी कॉलेजात गेले, फ्रिज उघडला. परीक्षानळीत आईच्या तोंडातले जंतू पिवळट सायीसारखे पसरले होते. जिवंत. आईची राख झाली होती आणि तिचं हे एवढंसं जगत होतं. मी तिथेच फ्रिजला टेकून रडले.

एक शेवटची चाचणी उरली होती. ती झाली की सगळं ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून मारून टाकायचं, असा नियम. मी चाचणी लांबवत राहिले, जंतूंना ताजं खाद्य देऊन नव्या नळीत नेत राहिले. मॅडम म्हणायच्या, मुलगी चिकाटीची आहे. चिकाटी कसली, माझा हात धजत नव्हता.

एका संध्याकाळी बाबांना सांगून टाकलं. "म्हंजे तिचं काय तरी अजून जित्तं हाय?"

मी मान डोलावली. सकाळी माझ्या डब्याशेजारी ओल्या फडक्यात पेरूची पानं बांधून ठेवलेली होती. "कर पुरं," बाबा म्हणाले. "अर्धं काम टाकलेलं तिला खपायचं नाय."

जंतू पसरलेल्या ताटलीवर जिथे अर्क लावला होता, त्याभोवती स्वच्छ गोल पडला. तेवढ्या भागात एकही जंतू वाढला नव्हता. निदान आईच्या तोंडापुरतं तरी आईचं खरं होतं. मी नळी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली आणि झाकण आवळलं.

घरी आले तेव्हा बाबा मागच्या दारी होते. "पानं लागू पडली," मी म्हटलं. ते कुंपणापाशी गेले. पलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या.

"वैनी, आमचीचं खरं निघालं."

काकू ओली चादर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "जितली बाय," त्या म्हणाल्या. "नि मला टोमना मारायला नाय ऱ्हायली."